अनुमोदक श्री. परब

संपादकांचा फोन आला, "बाई, तुमचे गाजलेले खटले लिहा." मी म्हटलं, माझा एकही खटला कधी गाजलेला नाही. मी सगळी वकिली सोसायट्यांच्या दंडाविरुद्ध केली. जिन्यात चपला ठेवल्या म्हणून दंड, गॅलरीतून चादर खाली लोंबली म्हणून दंड, कुंडीतलं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकलं म्हणून दंड. असली प्रकरणं गाजत नाहीत, नुसती चालत राहतात. संपादक म्हणाले, "मग तेच लिहा." त्यांनाही अंकाची पानं भरायची असतात.

सनद घेतली तेव्हा मला फौजदारीत जायचं होतं. साक्षीदाराला उलटसुलट प्रश्न विचारून घाम फोडायचा, अशी स्वप्नं होती. घर पार्ल्याचं, वडिलांना वाटायचं, मुलीने निदान एखाद्या बँकेची कामं घ्यावीत. दोन्ही झालं नाही. बोरिवलीत स्टेशनजवळ एका विमा एजंटाच्या खोलीत मला अर्धं टेबल मिळालं. पहिलं प्रकरण सोसायटीच्या दंडाचं आलं, ते मी जिंकले, आणि त्यानंतर माझ्याकडे दुसरं काही येईनाच. लोक एकमेकांना सांगायचे, "दंड झालाय ना? मग त्या विमावाल्याच्या खोलीत बसतात त्या बाईंकडे जा." विमावाला वैतागायचा. त्याच्याकडे पॉलिसी घ्यायला आलेला माणूससुद्धा आधी सेक्रेटरीची तक्रार सांगून घ्यायचा.

ज्यांचा सोसायटीशी कधी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. इमारतीतली माणसं मिळून एक संस्था काढतात. तिच्या नावात सहकारी हा शब्द असतो, तो तिथेच राहतो. ज्याच्या नावावर जागा, तो सभासद. वर्षातून एकदा सभासदांची सभा भरते. एकजण ठराव मांडतो, तो सूचक. दुसरा "माझं अनुमोदन" म्हणतो, तो अनुमोदक. बाकीचे हात वर करतात आणि वडे येतात. ठरावाचा नियम होतो, नियम मोडला की दंड, आणि दंड भरला नाही की खालच्या फलकावर थकबाकीदार म्हणून नाव. मग माणूस माझ्याकडे येतो. दंडाच्या पैशासाठी आलेला माणूस मला आठवत नाही. सगळे त्या फलकावरच्या नावासाठी यायचे. शेजाऱ्याने जाता-येता आपलं नाव वाचायचं, हे कुणालाच सोसत नाही.

मी सहकार न्यायालयात दावा लावायची. तारीख मिळायची, मग पुढची तारीख मिळायची. घाटकोपरला समोरासमोर राहणारे दोन भाऊ होते. एका वर्षी थोरला सेक्रेटरी व्हायचा, तेव्हा धाकट्याच्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात म्हणून दंड. पुढच्या वर्षी धाकटा निवडून यायचा, तेव्हा थोरल्याच्या दारातल्या चपलांच्या कपाटाला दंड. मी धाकट्याची वकील. एकदा त्यांची आई एकटीच जिना चढून माझ्याकडे आली. मला वाटलं, मिटवा म्हणून सांगायला आली असेल. ती म्हणाली, "बाई, एवढ्यात निकाल लागू देऊ नका. घरी दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तारखेच्या दिवशी मी एकच डबा भरून देते, तो कोर्टाच्या बाकावर दोघं मिळून खातात." तेव्हापासून मी तारीख मागताना लाजणं सोडलं. समोरचे वकील आधीपासूनच लाजत नव्हते, पण त्यांची कारणं वेगळी होती.

या कामाने माणूस दमतो. कष्टाने नाही. दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या आहेत हे पहिल्याच दिवशी कळलेलं असतं, आणि तरी पुढची कितीतरी वर्षं एकाच बाजूने जोरात बोलत राहायचं असतं, त्याने दमायला होतं. संध्याकाळी घरी गेल्यावर भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगायचंसुद्धा माझ्या जिवावर यायचं. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सून वकील आहे पण स्वभावाने फार शांत.

परबांचं प्रकरण मात्र मी विसरलेले नाही. ते गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षांतलं आहे.

नवरा-बायको दोघं आले. म्हणजे काकू टेबलापर्यंत आल्या आणि परब दाराशीच उभे राहिले. दत्ताराम परब मालवणकडचे, गिरणीत साचे खात्यात, कापड विणणाऱ्या मागांवर होते. संपाआधी फंडातून कर्ज काढून आणि काकूंचे दागिने मोडून त्यांनी बोरिवली पूर्वेला जागा घेतली होती. सोसायटीचं नाव सांगत नाही. सुख किंवा शांती असं काहीतरी त्यात होतंच. जागा परबांच्या नावावर होती, दागिने काकूंचे होते. संप झाला, गिरणी पुन्हा धड सुरू झाली नाही, परब घरी बसले. तेव्हापासून ते घर काकूंच्या मसाल्यावर चालत होतं.

मालवणी मसाला एरवी प्रत्येक घरात वर्षाचा एकदाच होतो. काकू तो दुसऱ्यांच्या घरांसाठी करून द्यायच्या. एप्रिल लागला की गच्चीवर चादरी पसरून मिरच्या वाळत घालायच्या, देठं काढायची, मग तिथेच मोठा स्टो पेटवून कढईत भाजायच्या, धणे, बडीशेप, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मग पोती कांडपाच्या गिरणीत न्यायची. मे संपेपर्यंत बाईला उसंत नसायची आणि त्या दोन महिन्यांच्या मिळकतीवर उरलेलं वर्ष ओढायचं असायचं.

"बाई," काकू बसायच्या आधीच म्हणाल्या, "मिरसांगो भाजलंय म्हणान माका दंड केल्यानी."

"कोणी केला?"

"सोसायटीन. आणि ह्येंनी." त्यांनी मागे न बघता दाराकडे बोट केलं. "ठरावाक अनुमोदन ह्येंनीच दिल्यानी."

मी परबांकडे बघितलं. उंच, किडकिडीत माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते चपलांकडे बघत म्हणाले, "सवय झाली ओ बाई. दामलेसाहेब ठराव वाचतात, मी अनुमोदन म्हणतो. दरवर्षीचंच आहे."

"पण ठरावात काय आहे ते ऐकायचं नाही का?"

"ऐकतो ना. पण आधी अनुमोदन देतो, मग ऐकतो."

"बघलात?" काकू मला म्हणाल्या. "वकिलीण तुम्ही, तुमीच सांगा, अशा माणसाक काय करू?"

गच्चीवर काहीही भाजायला किंवा शिजवायला बंदी, असा तो ठराव होता. आदल्या वर्षीच्या सभेत झालेला. परबांनी अनुमोदन दिलं, घरी येऊन आंघोळ केली आणि विसरून गेले. काकू फलक कधी वाचत नव्हत्या. त्यांना ही बंदी कळली ती एप्रिलात, कढई तापल्यावर. वॉचमन चिठ्ठी घेऊन वर आला. काकूंनी विचारलं, हे कुणी ठरवलं, तर तो म्हणाला, सभेने, आणि अनुमोदक परबसाहेब. लोकांच्या ऑर्डरी घेतलेल्या, मिरच्या आणून वाळवलेल्या. काकूंनी तो सगळा आठवडा भाजणं चालूच ठेवलं आणि रोजचा वेगळा दंड लागत गेला. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. माझ्यासमोर बसूनही त्यांना काही सांगायचं असलं तर मला म्हणायच्या, "ह्येंका सांगा, छत्री विसरा नको."

आता अनुमोदकाबद्दल थोडं सांगायला हवं. प्रत्येक सोसायटीत असा एक माणूस असतोच. त्याला कधी अध्यक्ष करत नाहीत, कमिटीवर घेत नाहीत, पण तो नसला तर सभा अडते. परब तसे होते. गिरणीत ते हजेरीपटावरचा एक नंबर होते, चाळीत चारचौघांतले एक. सोसायटीच्या सभेत मात्र दरवर्षी मागच्या सभेचा वृत्तान्त वाचताना त्यांचं नाव येई, अनुमोदक श्री. दत्ताराम परब. एकदा काकू बाहेर गेल्या असताना ते मला म्हणाले, "बाई, त्याआधी मला कोणी श्री. लावलं नव्हतं." सभेच्या दिवशी ते दुपारीच दाढी करून बसायचे. संप फसल्यावर त्यांच्याजवळ एवढंच राहिलं होतं.

कुठलंही प्रकरण घेण्याआधी मी जागा बघून यायची. त्या इमारतीत गेले, तेव्हा सेक्रेटरी दामले घरीच होते. बँकेत अधिकारी, तिसऱ्या मजल्यावर राहायचे, गच्चीच्या बरोबर खाली. आतल्या खोलीत खाटेवर त्यांचे वडील उशा रचून बसले होते. दम्याचे रुग्ण. मी तिथे होते तेवढ्या वेळात त्यांनी दोनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं. दामले म्हणाले, आदल्या वर्षी मिरचीच्या खकाण्याने त्यांना दवाखान्यात ठेवायची वेळ आली होती.

"मग तुम्ही परबकाकूंना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

दामले अवघडले. "व्यक्तिशः सांगणं बरं दिसत नाही हो. उगाच मनं दुखावतात. त्यापेक्षा रीतसर ठराव केला. सगळ्यांना सारखा."

माणूस वाईट नव्हता. दोन मजले खाली उतरून शेजारणीच्या दाराशी उभं राहणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, ठराव लिहिणं जमण्यासारखं होतं. माझ्याकडची निम्मी प्रकरणं याच स्वभावातून आलेली होती. जिना उतरताना मला नेहमीसारखं दमल्यासारखं झालं. म्हातारा खरा होता, कढईही खरी होती, आणि मला आता त्यातली एक निवडून दावा लिहायचा होता.

दावा मी लावला. मुद्दा साधा होता. दंड करण्याआधी सभासदाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, ते ऐकलेलं नव्हतं. पण मुद्दा कितीही साधा असला तरी कोर्टाला लागायचा तेवढा वेळ लागतोच, आणि पुढचा एप्रिल काही कोर्टासाठी थांबणार नव्हता. म्हणून मी परबांना दुसरा रस्ता सांगितला. ठरावाने केलेला नियम ठरावानेच मागे घेता येतो. ऑगस्टात सभा आहे, तिथे तुम्ही स्वतः ठराव मांडा.

परब घाबरले. "मी मांडू? मी कधी मांडला नाही ओ. मी अनुमोदन देतो."

"या वेळी मांडा. अनुमोदन दुसरं कोणीतरी देईल."

"ता देतले," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "निम्मी घरां माझो मसालो खातत."

सभा इमारतीच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत होती. भाड्याच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर चादर. मला आत बसता येत नव्हतं, कारण मी बाहेरची आणि वर वकील. काकूंनाही बसता येत नव्हतं, कारण त्या सभासद नव्हत्या. कढई त्यांची, दंड त्यांच्या कढईला, पण सभासद परब. म्हणून आम्ही दोघी पहिल्या वळणावर जिन्याच्या पायरीवर बसलो. तिथून कुणी दिसत नव्हतं, पण आवाज सगळे येत होते. काकूंनी नवीन लुगडं नेसलं होतं. कुणाला दिसणार नाही हे माहीत असूनही नेसलं होतं.

पहिले विषय भराभर झाले. वृत्तान्त, ताळेबंद, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती. प्रत्येक विषयानंतर परबांचा आवाज यायचा, "अनुमोदन." खणखणीत. काकू नाक मुरडायच्या.

मग दामल्यांनी वाचलं, "विषय पाच. गच्चीच्या वापराचा नियम मागे घेणे. सूचक?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी परबांना चार वाक्यं पाठ करून दिली होती, त्यातलं एकही ते बोलले नाहीत. "मी परब," ते म्हणाले. जसं काही तिथे कुणी त्यांना ओळखत नव्हतं. "तो नियम मागे घ्यावा. माझी बायको मसाला करते. त्याच्यावर आमचं घर चालतं, माझ्यावर नाही चालत. मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं. एवढंच."

काकूंनी माझं मनगट धरलं.

"अनुमोदन?" दामल्यांनी विचारलं.

कुणी बोललं नाही. खाली कुठेतरी वड्यांच्या टोपलीवरचा कागद वाजला. वर दम्याचा म्हातारा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय सेक्रेटरीसमोर हात वर करून उद्या नळ गळायला लागल्यावर त्याच्याच दाराशी जायचं होतं. माणसं वाईट नव्हती. संध्याकाळी सातला त्यांना घरी जायचं होतं.

"अनुमोदक नसल्यामुळे ठराव विचारात घेता येत नाही," दामले म्हणाले. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "विषय सहा. हिशेबतपासनिसांची फेरनेमणूक. सूचक मी स्वतः. अनुमोदन?"

पुन्हा शांतता. पण ही शांतता वेगळी होती. सगळे थांबले होते, परब बोलतील म्हणून. दामल्यांचं पेन कागदावर टेकलंही असेल.

"परब?" अध्यक्ष हळूच म्हणाले.

उत्तर नाही.

"अहो, द्या ना कुणीतरी," मागून कोणी बोललं.

"तुम्ही द्या की."

"मी कशाला? मला त्यातलं काय कळतंय?"

कुणीतरी हसलं आणि मग तेही गप्प झालं. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. वाटलं, बसा आता असेच. इतकी वर्षं या एका माणसाच्या जिवावर तुमच्या सभा वेळेवर संपल्या, आज त्याच्यासाठी एकाचंही तोंड उघडलं नाही. मी काकूंकडे बघितलं. मला वाटलं होतं त्यांनाही बरं वाटत असेल. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"इतका नको," त्या पुटपुटल्या. उठल्या, कठड्याला धरून खाली वाकल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नवऱ्याशी बोलल्या, तेही सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"ओ! देवन टाका त्येंका अनुमोदन! लोकांची चाय थंड जाता!"

खाली एकदम हशा पिकला. त्या हशात परबांचा घोगरा आवाज आला, "अनुमोदन." पुढचे विषय पाच मिनिटांत संपले.

काकू परत माझ्याशेजारी बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. मी विचारलं, का बोललात? त्या म्हणाल्या, "तोंड बंद केल्यानी तर ह्येंच्याकडे दुसरा काय रवला?"

सभा उठली. वर जाणारी माणसं आमच्या शेजारून नजर चुकवत गेली. शेवटी दामले आले, हातात कागद आणि वडिलांसाठी बांधून घेतलेल्या वड्यांचा पुडा. आम्ही पायरीवर होतो, त्यांना ओलांडून जाणं शक्य नव्हतं. ते थांबले.

"वहिनी," ते म्हणाले, "बाबांना फार त्रास होतो हो. मागच्या वर्षी मे महिन्यात वाटलं, गेलेच."

"ता येवन सांगूक व्हया होता," काकू म्हणाल्या. "दोन मजले उतराक काय झाला होता? मी काय माणूस नाय?"

दामले एक पायरी खाली सरकले.

"आता मी हय भाजूचंय नाय," काकू म्हणाल्या. "म्हाताऱ्याक सांगा. पण दंड भरूचंय नाय."

"पण वहिनी, दंड सभेने केलाय. मी एकटा तो कसा मागे घेऊ?"

बोलता बोलता त्यांचा चेहरा पडला. अर्ध्या तासापूर्वी त्याच सभेत त्यांनी स्वतः एक शब्द उच्चारला असता तर सगळं मिटलं असतं, हे त्यांना त्या पायरीवर कळलं असावं. ते वड्यांचा पुडा सावरत वर गेले. पुढच्या वर्षी त्यांनी विषय पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तोवर नवी कमिटी आली होती. तिने उत्तर दिलं, प्रकरण न्यायालयात आहे, सभेला त्यावर बोलता येणार नाही.

म्हणजे आम्ही कोर्टातच राहिलो. एप्रिलात काकू मिरच्यांची पोती घेऊन माहुलला मावसबहिणीकडे जाऊ लागल्या. बोरिवलीहून माहुल म्हणजे शहराचं दुसरं टोक. गाड्या बदलत, बस बदलत, पोत्यांपायी कंडक्टरशी भांडत जायचं. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी हवेलाच इतके वास की मिरचीच्या खकाण्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. येण्या-जाण्यात निम्मी मिळकत जाई. परब पोती उचलायला बरोबर जायचे. दोघं पुन्हा बोलायला लागले होते, म्हणजे मुख्यतः काकू बोलायच्या.

दंड न भरल्यामुळे परबांचं नाव फलकावर लागलं. आणि थकबाकीदाराला सभेत मत नाही, अनुमोदनही नाही, असा नियम नव्या कमिटीने काढून दाखवला. परब तरी दरवर्षी दाढी करून सभेला जायचे आणि मागच्या खुर्चीवर नुसते बसून यायचे. वृत्तान्तात आता कुण्या दुसऱ्याचं नाव येऊ लागलं होतं. एकदा तारखेला आम्ही कोर्टाच्या बाकावर बसलो होतो. काकू पाणी आणायला गेल्या होत्या. परब हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, गुपचूप भरून टाकला दंड, तर तिला कळेल का?"

"कळणार नाही," मी म्हटलं. "पावती तुमच्याच नावाने येईल."

काकू पाणी घेऊन आल्या, परब ते प्यायले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि दंडही भरला नाही.

शेवटी सुनावणी झाली. न्यायाधीश निवृत्तीला आलेले, माझ्याइतकेच कंटाळलेले गृहस्थ होते. त्यांनी कागद चाळले आणि परबांना थेट विचारलं, "आता गच्चीवर मिरच्या भाजत नाही ना?"

"नाही, साहेब."

"मग भांडण उरलंय कुठे? रक्कम ती काय! भरून टाका आणि मोकळे व्हा. या वयात कशाला खेटे घालताय?"

इतकी वर्षं मीही मनातल्या मनात हेच म्हणत आले होते. मी सुनावणी न दिल्याचा मुद्दा मांडायला उठले, तेवढ्यात मागच्या बाकावरून काकूंचा आवाज आला, "सायब..."

न्यायाधीशांनी मान वर केली. "त्या कोण? पक्षकार आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "पक्षकारांच्या पत्नी."

"मग त्यांना बसायला सांगा."

काकू बसल्या. परबांनी वळून एकदा त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस मान डोलावणार आणि बरं साहेब म्हणणार. आयुष्यभर त्याने दुसरं काही केलं नव्हतं.

"साहेब, मी सांगतो," परब म्हणाले. "मिरची भाजायची तिने सोडली ती वरच्या म्हाताऱ्या माणसासाठी सोडली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कळल्यावर तिने आपणहून सोडली. आता मी दंड भरला तर ती दंडाला भिऊन सोडली असं होईल. तसं नाही झालेलं, साहेब. म्हणून मी भरणार नाही."

न्यायाधीशांनी मला म्हटलं, "तुमचा मुद्दा मांडा." मी मांडला. काही आठवड्यांनी निकाल लागला, दंड रद्द झाला, माझ्या मुद्द्यावर झाला. परब जे बोलले त्यातला एक शब्दही निकालपत्रात आला नाही, येण्यासारखा नव्हताच.

पण त्या सुनावणीच्या दिवशी आम्ही बाहेर आलो, तेव्हा परब पाण्याच्या नळाकडे गेले आणि काकूंनी मला बाजूला ओढलं. "बाई," त्यांनी विचारलं, "ह्या तुमी पढवल्यात ह्येंका?"

मी म्हटलं, "नाही, काकू. मी एक अक्षर सांगितलं नव्हतं."

त्यांनी एकदा नळाकडे बघितलं, तिथे परब वाकून ओंजळीने पाणी पीत होते. मग त्या तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांच्या देखत, रडायला लागल्या.